मलंगगड : लाव्हाच्या थरांवरून माथ्याकडे

कल्याणच्या दक्षिणेला साधारण पंधरा किलोमीटरवर, अंबरनाथ तालुक्यात, मलंगगड उभा आहे. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर, म्हणजे २६०० फुटांच्या आसपास. बोलण्यात मात्र सर्रास तीन हजार फूट सांगितली जाते आणि चढताना ती खरीही वाटते. डोंबिवली पूर्वेच्या गच्च्यांवरून, कल्याण-शीळ रस्त्यावरून आणि बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून त्याची आकृती लांबूनच ओळखता येते. पायथा पसरट, मध्ये सपाट खांदा, त्यावर ताशीव उभा कडा आणि शेजारी एखाददुसरा सुळका. रोज ही आकृती पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी अनेकांनी हा डोंगर चढलेला असतो, पण त्यातल्या बहुतेकांची चढाई खांद्यावरच संपलेली असते. त्या खांद्याचे नाव पीर माची. तिच्या वर सोने माची आणि सर्वांत वर बालेकिल्ला असे आणखी दोन टप्पे आहेत.

या तीन टप्प्यांचा उगम लाव्हात आहे. मलंगगड ज्वालामुखीजन्य खडकाचा आहे, पण तो स्वतः ज्वालामुखी नव्हे. माथ्यावर विवर नाही, कधी नव्हतेही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला आणि पुनःपुन्हा येत राहिला. शंकूच्या आकाराचे डोंगर उभे करण्याऐवजी तो दूरवर पसरला आणि थंड झाला. त्यावर पुढचा लोंढा आला. भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचले गेलेले हे थर आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. दख्खनचे पठार आणि सह्याद्री त्यांचेच. प्रत्येक थराचा गाभा सावकाश थंड झाल्याने घट्ट आणि कठीण असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो आणि लवकर झिजतो. दोन लोंढ्यांमध्ये बराच काळ गेला असेल, तर मधल्या पृष्ठभागाची तांबडी माती होते आणि तीही पुढे त्या थरांत गाडली जाते. कठीण गाभ्याचे कडे होतात, ठिसूळ भागाचे उतार आणि माच्या होतात. सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक किल्ल्याची कडा, माची, कडा, माथा ही रचना याच झिजेची देणगी आहे. किल्ले बांधणाऱ्यांनी तिचा उपयोग करून घेतला, एवढेच.

हे लोंढे वाहत होते तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी सुटलेली ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेली, उत्तरेकडे सरकत होती. मलंगगडाचा काळा पाषाण त्यामुळे अगदी खऱ्या अर्थाने एका प्रचंड बेटावर घडला. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णबिंदूमुळे हा लाव्हा आला असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, तो आजही जिवंत आहे. भूमी त्याच्यावरून सरकत गेली, तसतशी त्याची खूण हिंदी महासागरात लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या रांगेने उमटत गेली. पुढे मॉरिशस आणि अखेर रियुनियन ही बेटे त्याच बिंदूने वर काढली. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी अजून दर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पेटतो. त्याचा शेजारी, विझलेला पितों दे नेज, तीन हजार मीटरच्या वर आहे. सिलाओस गावाकडून वर जाऊन वाटेतल्या निवाऱ्यात रात्र काढायची आणि पहाटे अंधारात माथा गाठून सूर्योदय पाहायचा, ही तिथली रूढ चढाई आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. तिथला ८२० मीटरचा पीटर बोथ हा डोंगर उंचीने जवळजवळ मलंगगडाएवढाच आहे. त्याच्याही शेवटच्या कातळावर लोखंडी कड्यांचा आधार घ्यावा लागतो. मलंगगड विषुववृत्तापासून उत्तरेला १९ अंशांवर आहे, रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर. रियुनियनच्या वाटेवर काल-परवाचा लाव्हा पायाखाली येतो. मलंगगडावर पायाखाली येतो तो त्याच उगमाचा, पण कोट्यवधी पावसाळ्यांनी खरवडून उरलेला.

ठाणे आणि कल्याणच्या परिसरात या कथेला आणखी एक वळण मिळाले. दख्खनचे मुख्य लोंढे थांबल्यानंतरही मुंबई आणि साष्टी बेटाच्या पट्ट्यात ज्वालामुखी काही काळ चालूच राहिला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे षट्कोनी खांब त्या उशिराच्या काळातले आहेत. ज्याच्या पूर्व कुशीत ठाणे शहर वसले आहे तो येऊरचा डोंगरही साष्टी बेटाच्या या ज्वालामुखीजन्य रांगेचाच भाग. किनारा खचत गेला, तसे मूळचे आडवे थर पश्चिमेकडे कलले. भूशास्त्रात या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. मुंब्रा आणि पारसिकच्या डोंगरांतून लोकल जाते, तेव्हा कातळातल्या रेषा समुद्राकडे उतरलेल्या दिसतात, त्या याच वाकामुळे. तिथून पूर्वेकडे जावे तसे थर पुन्हा आडवे होत जातात. सह्याद्रीचा मुख्य कडा झिजत पूर्वेला मागे हटला. मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद आणि माथेरान ही रांग मात्र पठारापासून तुटून कोकणात मागे राहिली. माथेरानचा माथा अजून रुंद आहे. मलंगगडाचा झिजून इतका अरुंद झाला आहे की त्यावर गाव वसणे शक्य नाही.

पायथ्याला मलंगवाडी आहे. कल्याणहून थेट बस मिळते. डोंबिवलीकडून येणारे काटई नाक्यावरून बदलापूर रस्त्याने नेवाळी नाका गाठतात आणि तिथून दक्षिणेला मलंग रस्त्याला वळतात. नेवाळीचा सपाट माळ पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. त्या जमिनीचा वाद स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही आणि २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या रूपाने तो रस्त्यावर आला. नाक्यापुढे गोदामे, चाळी आणि नवी गृहसंकुले मागे पडत जातात आणि डोंगर अचानक अंगावर येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठाकूर आणि कातकरी वस्त्यांचे पाडे आहेत. पावसाच्या सुरुवातीला याच पाड्यांतल्या बायका शेवळं, भारंगी आणि कर्टोली घेऊन कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात बसतात.

पीर माचीपर्यंतची वाट पायऱ्यांची आहे. सवयीच्या माणसाला दीड तास पुरतो, बाकीच्यांनी दोन तास धरावेत. वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही. फुले, चादरी, नारळ, रेवड्या, काकडी, लिंबू सरबत आणि ताक विकणारी दुकाने जवळजवळ वरपर्यंत साथ करतात. वृद्धांना आणि आजाऱ्यांना डोलीतून नेले जाते. चार माणसांच्या खांद्यांवरची डोली उलट्या दिशेने येताना दिसली की पायऱ्यांच्या कडेला, डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्यावी असा इथला रिवाज आहे. वाटेत भाविक ज्या दोन ठिकाणी थांबतात, त्यांना पहिली सलामी आणि दुसरी सलामी म्हणतात. माकडांची संख्या भरपूर आहे आणि प्लास्टिकच्या पिशवीत खाणे असते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. पायऱ्यांच्या जवळून फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेचा मार्ग चढतो. त्याचे काम दशकभराहून जास्त काळ रखडत चालले. अशी गाडी यात्रेकरूंच्या गुडघ्यांना मोठाच दिलासा ठरते यात शंका नाही. डोलीवाल्यांचे आणि वाटेवरच्या दुकानदारांचे गणित तिच्यामुळे बदलणार, हेही तितकेच खरे.

पायऱ्यांच्या या गजबजाटात खडकाकडे लक्ष जात नाही, पण तो पाहण्याजोगा आहे. काही वळणांवर काळ्या पाषाणात पांढरे ठिपके दिसतात. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्याबरोबर आलेली खनिजे साचली, त्यांचे हे मणी. जिथे चढ एकदम सुसह्य होतो, तिथे ठिसूळ थर असतो, आणि जिथे पायऱ्या ताठ होतात, तिथे घट्ट गाभा. पोटऱ्यांनाही हा फरक जाणवतो.

पीर माची हे मोठे सपाट पठार आहे. तिथे हाजी मलंग बाबांची समाधी आहे. परंपरा सांगते की हाजी अब्दुल रहमान नावाचे अरब संत काही शतकांपूर्वी, नल नावाच्या राजाच्या काळात, इथे येऊन राहिले. नाथपंथीय परंपरेत हे स्थान मच्छिंद्रनाथांचे मानले जाते. हा वाद जुना आहे आणि १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्याच्या राजकारणातही तो गाजत आला. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की समाधीची वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात त्यामागची हकिकत नोंदली आहे. पहिल्या मराठे-इंग्रज युद्धानंतर, १७८२ मध्ये, इंग्रज हा मुलूख सोडून गेले. ते बाबांच्या प्रभावाने गेले अशी श्रद्धा असल्याने पेशव्यांनी कल्याणच्या काशीनाथपंत केतकरांच्या हाती इथे कृतज्ञतेची भेट पाठवली आणि केतकरांनी समाधीची डागडुजी केली. माघ पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोन्ही भाविकांनी माची भरून जाते. त्या दिवसांत डोंगर पाहण्याच्या उद्देशाने जाऊ नये. यात्रा पाहायची असेल, तर त्याच दिवसांत जावे.

ज्या युद्धाचा उल्लेख वर आला, त्यातला एक वेढा प्रत्यक्ष या डोंगरावर घडला. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. त्यांच्या रसदीच्या वाटेवर मलंगगडाची नजर होती. त्याच वर्षी पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टन याने अचानक चाल करून पीर माची ताब्यात घेतली, पण गडकरी वर सरकले आणि वरचा किल्ला काही केल्या पडेना. खालच्या माचीवर तोफा आणून उपयोग नव्हता, कारण कड्याला भगदाड पाडता येत नाही. उलट मराठ्यांच्या फौजा खाली जमल्या आणि वेढा घालणाऱ्यालाच वेढा पडला. वर शत्रू, खाली शत्रू, मध्ये माचीवर इंग्रज तुकडी, अशी स्थिती ऑक्टोबरच्या आरंभी कर्नल हार्टली मदतीला येईपर्यंत राहिली. पुस्तकात ही लढाई दोन-चार ओळींची आहे. माचीच्या टोकाला उभे राहून वरच्या कड्याकडे मान उंचावली की ॲबिंग्टनची अडचण सगळी समजते.

बहुतेकांची वाट इथे संपते आणि ते योग्यच आहे. पुढचा मार्ग यात्रेकरूचा उरत नाही. समाधीच्या मागून, वस्ती संपल्यावर, घसाऱ्याची चढण कड्याच्या मुळाशी जाते. सुटे दगड, वाळके गवत आणि कारवीची झुडपे यांतून वाट वर चढते. कारवीची काठी बळकट असते, पण तिला धरून शरीर वर ओढण्याची सवय चांगली नव्हे. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पडक्या दरवाजाचे अवशेष ओलांडल्यावर सोने माची लागते. नावावरून ऐसपैस जागा डोळ्यांसमोर येते, प्रत्यक्षात ती कड्याच्या पोटाशी चिकटलेली अरुंद पट्टी आहे. दोन लाव्हाथरांच्या सांध्यावरचा ठिसूळ भाग झिजून ती तयार झाली. एका हाताला सरळ वर गेलेली भिंत, दुसऱ्या हाताला पोकळी आणि खूप खाली पीर माचीवरचे पत्रे.

सोने माचीवरून बालेकिल्ल्याकडे जाताना गडाची खरी परीक्षा आहे. जुन्या काळी इथे कड्याला बिलगून वाट होती. ती एका ठिकाणी तुटली आहे आणि मधल्या खिंडारावर आडवा लोखंडी पाइप टाकलेला आहे. त्याच्या आधाराने कड्याला छाती लावून पलीकडे सरकायचे असते. अंतर फार नाही, पण खाली पाय टेकायला काही नाही. त्यापुढच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या कातळात कोरलेल्या, अरुंद आणि झिजलेल्या आहेत. या टप्प्यासाठी दोर, हार्नेस, हेल्मेट आणि हे काम येणारा म्होरक्या हवाच. आधी गेलेल्या कोणी तरी ठोकलेल्या खिळ्यावर किंवा उन्हापावसात राहिलेल्या दोरावर विसंबून जाणे म्हणजे कोणाच्या तरी निष्काळजीपणावर आपला जीव टांगणे होय. दगडही तपासून धरावा लागतो. बेसाल्टचा घट्ट भाग हाताला विश्वासू असतो, सच्छिद्र भागाचे टवके निघतात. समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून खालच्या पायऱ्या चढल्या त्याच कपड्यांत आणि चपलांत इथवर येणारे असतात. त्यांच्यासाठी पीर माची हाच माथा समजणे शहाणपणाचे.

बालेकिल्ला लांबट आणि चिंचोळा आहे. वाड्याच्या भिंतींचे अवशेष आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी एवढेच वास्तूंच्या नावाने उरले आहे. टाक्यांची जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली आहे. घट्ट बेसाल्ट पाणी मुरू देत नाही, म्हणून एकाच सलग थरात खोदलेले टाके पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवते. गडकऱ्यांना १७८० चा पावसाळा वर काढता आला, त्यामागे कड्याइतकाच या टाक्यांचाही हात असावा. आज हे पाणी गाळून, उकळूनच प्यावे, किंवा सरळ खालून नेलेले प्यावे.

वरून दिसणारा देखावा दोन तऱ्हांचा आहे. आग्नेयेला तावली, चंदेरीचा धारदार सुळका, त्यामागे नाखिंद आणि माथेरानचे सपाट पठार. हवा स्वच्छ असेल, तर त्यांचे थर एकाच पातळीत पुढे चाललेले दिसतात आणि हे सगळे डोंगर कधी काळी एकच होते हे वेगळे सांगावे लागत नाही. दक्षिणेला प्रबळगड आणि पनवेलच्या दिशेचे पाणी. उत्तर आणि पश्चिम अंगाला मात्र डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर आणि अंबरनाथच्या इमारती सलग पसरलेल्या, त्यांच्यामागे उल्हास नदीचा पट्टा आणि पश्चिमेकडे पारसिकची भिंत. डोंगराच्या पायथ्यापर्यंत नागरी वस्ती किती वेगाने सरकत आहे याचा अंदाज नकाशापेक्षा इथून नीट येतो. धुरकट हिवाळी सकाळी खाडी दिसत नाही, पावसाने हवा धुतल्यावर दिसते.

चढाईचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात, पण अकरानंतरचे ऊन तेव्हाच बोचू लागते. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-कल्याण पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो, काळा कातळ तापतो आणि करवंदे-जांभळांचे आमिष असले तरी सकाळी नवाच्या आत वर पोचणे बरे. पावसाळ्यात खालची वाट हिरवी आणि धबधब्यांची असते, म्हणून गर्दी तेव्हाच सर्वाधिक. पीर माचीपर्यंत जपून जायला हरकत नाही. माचीच्या वर मात्र शेवाळलेला बेसाल्ट काचेसारखा निसरडा होतो, वरून दगड सुटतात आणि ढग उतरला की पाच हातांवरचे दिसत नाही. जून ते सप्टेंबर वरचे दोन टप्पे वर्ज्य मानावेत. ऑक्टोबरात गवत माणसाएवढे वाढलेले असते आणि वाटेच्या कडा त्याखाली लपतात. कड्यांच्या खोबणींत आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळावीत. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारी पाठपिशवी हवी. पीर माचीवर खाण्यापिण्याची सोय आहे, त्यापुढे काहीही नाही.

मलंगगड उतरून त्याच दिवशी परतता येते. ज्यांना रांग पाहायची आहे, त्यांच्यासाठी पायथ्याच्या कुशिवलीकडून तावलीचा डोंगर आहे. त्यावर वावर कमी आणि वाटा पुसट, म्हणून गावातला वाटाड्या घेणे चांगले. चंदेरीसाठी वांगणी किंवा बदलापूर स्थानकावर उतरून चिंचवली गाठावी लागते. तिथली गुहेपर्यंतची वाट दमवणारी पण सरळ आहे आणि सुळक्याचा शेवटचा भाग पुन्हा दोराचा. उंची या तिन्ही डोंगरांची जवळपास सारखी असली, तरी क्रम मलंगगडाची पीर माची, मग चंदेरीची गुहा, मग तावली आणि शेवटी मलंगगडाचा बालेकिल्ला असा ठेवलेला बरा. चारही ठिकाणांसाठी कल्याण स्थानकातून पहाटेची पहिली बस किंवा कर्जत लोकल पकडली की पुरेसा दिवस हाताशी राहतो.